पुन्हा चड्डीत शी : साडेतीन वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण

शी-शूची सवय एकदा नीट लागलेली आणि मग मध्येच मोडलेली मुलं सोलापुरात माझ्या दवाखान्यात वर्षभर येतात. जूनमध्ये शाळा उघडल्या की जरा जास्तच येतात. बहुतेक घरांत तोवर निकाल लागलेला असतो : पोरगं हट्टी झालंय, नाहीतर धाकट्या भावंडावर जळतंय. या प्रकरणातही तसंच झालं होतं. ते सविस्तर लिहिते आहे, कारण खरं दुखणं पोटात होतं आणि चार महिने त्या पोटावर कुणी हात ठेवून पाहिलं नव्हतं. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे छकुली म्हणते.

सवय लागली कशी आणि मोडली कशी

छकुलीचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीनं काम करतात. आई घरी शिवणकाम करते. सोबत आजी-आजोबा. संडास भारतीय पद्धतीचा, घराबाहेर बोळात. नळाला पाणी काही दिवसांआड. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको : पाणी सुटेल त्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या भरायच्या आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायच्या.

मुलीला सवय आजीनं लावली, आपल्याकडच्या जुन्या रीतीनं. सकाळी मोरीच्या कडेला पाय पसरून बसायचं, पोरीला दोन्ही पावलांवर टेकवायचं, हातांनी धरायचं आणि गप्पा मारायच्या. ही रीत आता अनेकांना जुनाट वाटते. मला ती शरीराच्या दृष्टीनं फार शहाणपणाची वाटते. मुलाचे गुडघे पोटाकडे येतात, बुडाला आधार मिळतो, पडायची भीती राहत नाही. उकिडव्या स्थितीत गुदाशयाभोवती फासासारखा असलेला स्नायू सैल पडतो आणि मलमार्ग सरळ होतो, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. अडीच वर्षांची झाल्यावर छकुली स्वतःच 'आजी, शी' म्हणून हात धरून न्यायला लागली. गणपतीपर्यंत दिवसाची चड्डी कोरडी राहू लागली होती. म्हणजे वेळेतच सगळं झालं होतं; बहुतेक मुलं दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहायला लागतात.

मार्चमध्ये भाऊ झाला. बाळंतपण आईच्या माहेरी, माढा तालुक्यात. छकुली आईबरोबर तिथे गेली आणि आजी सोलापुरात राहिली. आईचं सिझेरियन झालेलं, टाक्यांमुळे तिला पोरीला पायावर बसवणं शक्य नव्हतं. मामीच्या घरचा संडास अंगणाच्या टोकाला, अंधारा. भांड्यावर पाय ठेवायच्या दोन्ही जागा तीन वर्षांच्या मुलीच्या पायांना लांब. मधल्या खड्ड्यात आपण पडू असं तिला वाटे आणि ती दारातूनच परत फिरे. घरात सगळ्यांचं लक्ष बाळंतिणीकडे आणि बाळाकडे. त्यात एप्रिलचं ऊन, पारा ४२ अंशांच्या पुढे. तिचं जेवण तुटलं होतं. दूध-बिस्कीट, परत दूध, परत बिस्कीट. पाणी मागितलं तर मिळायचं, पण खेळात असलेलं मूल पाणी मागत नाही.

एप्रिलच्या अखेरीस एके दिवशी तिला फार मोठी आणि टणक शी झाली. रक्ताची रेघ आली. ती बराच वेळ रडत होती. ही गोष्ट आईनं आपणहून सांगितली नाही. "शी करताना कधी खूप रडली होती का?" असं विचारल्यावर तिला आठवलं : "हो की, मॅडम. बाळ महिन्याचं होतं तवा. त्या दिवशी लई रडली होती."

माझ्या मते सवय त्या दिवशी मोडली. तीन वर्षांच्या मुलाचं तर्कशास्त्र साधं असतं : शी केली की दुखतं, म्हणून शी करायची नाही.

त्यानंतर ती दाराआड जाऊन उभी राहू लागली. टाचा वर, पाय एकमेकांत अडकवलेले, चेहरा लाल, अंग ताठ. घरच्यांना वाटायचं, पोर कुंथतेय, बिचारीला होत नाही. प्रत्यक्षात ती शी आतच दाबून धरत होती. हे दृश्य ज्यांच्या घरी असेल त्या आईबापांनी एवढं नीट पाहावं : मूल उकिडवं किंवा वाकून बसलंय, की ताठ उभं राहून नितंब आवळतंय? ताठ उभं असेल तर ते रोखतंय.

मेअखेर मंडळी सोलापुरात परतली. जूनमध्ये छकुलीला बालवाडीत घातलं. तिथे सगळ्या मुलांना मिळून एक संडास, वास मारणारा, आणि जायचं ते छोट्या सुट्टीत रांगेनं. मधेच जाऊ देत नसत. मुलगी घरून निघताना शू करायची ती थेट घरी परतल्यावर. जुलैत चड्डीला डाग दिसू लागले. आधी एखादा, मग दिवसातून तीन-चारदा. खेळता खेळता शूचे थेंबही गळू लागले. बालवाडीतून निरोप आला : आधी सवय लावा, मग पाठवा.

घरात एकेक उपाय झाले. आजीनं साबणाची वडी लावली, ती ओरडून पळाली. एका रात्री एरंडेल दिलं, दुसऱ्या दिवशी जुलाब झाले आणि भीती आणखी वाढली. नात्यातल्या एका बाईनं चटका द्यायला सांगितलं, तो आईनं देऊ दिला नाही. त्या माऊलीचं यासाठी मी मनापासून कौतुक केलं, आणि इथेही करते. रात्रपाळी करून आलेल्या वडिलांनी एकदा तिला मारलं होतं. त्यांनी हे स्वतःहून, खाली मान घालून सांगितलं. अशा बापाशी बोलता येतं.

तपासणी

ऑगस्टमध्ये तिघं आली. आजींनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, "मुद्दाम करती ओ ही. भाऊ झाल्यापास्नं अंगात आलंय हिच्या. आधी सांगत होती, आता चड्डीत करून गप उभी राहती. वास येतो आमाला, हिला येत नाही म्हणती."

त्या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. मुद्दाम करणाऱ्या मुलाला आपण काय केलंय ते माहीत असतं. हिला खरोखरच कळत नव्हतं.

मी विचारलं, "आजी, शी किती दिवसांनी होते?"

"रोज की. दिवसातनं चारदा चड्डीत."

"ते डाग झाले. पोट भरून शी कधी होते?"

आजी-आईनं एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, "पाच-सहा दिवसांनी एकदा. पण एवढी मोठी असती मॅडम, दोन बादल्या वतल्या तरी जात नाही."

ज्या शहरात पाणी मोजून वापरतात तिथे हे वाक्य मला वारंवार ऐकू येतं, आणि निदानासाठी ते सोन्यासारखं आहे. बद्धकोष्ठतेचे जे रोम-४ निकष २०१६ पासून जगभर वापरले जातात, त्यांत हेच विचारलेलं आहे : आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, शी रोखून धरणं, शी दुखून किंवा कडक होणं, फार जाड शी होणं, गुदाशयात मोठा गोळा असणं. चार वर्षांच्या आतल्या मुलात यांतल्या किमान दोन गोष्टी महिनाभर असल्या की निदान पुरेसं होतं. सवय लागून गेलेल्या मुलांत आठवड्यातून एकदा तरी कपड्यात शी होणं आणि संडास तुंबेल एवढी मोठी शी होणं हेही धरतात. छकुलीत जवळजवळ सगळंच होतं. म्हणजे 'रोज शी होते' या उत्तराखाली बद्धकोष्ठता झाकली गेली होती.

तिला टेबलावर झोपवलं. मऊ पोटावर डाव्या बाजूला खाली हात गेला आणि टणक गोळा लागला. आईचा हात धरून तिथे ठेवला. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. गुदद्वारापाशी भरून आलेली जुनी चीर आणि कातडीचा छोटा कोंब होता. आत बोट घालून तपासण्याची गरज नव्हती आणि एवढ्या घाबरलेल्या मुलीत ते करूही नये.

बाकीच्या गोष्टी बघणं मात्र टाळता येत नाही. जन्मल्यावर पहिली काळी शी २४ तासांत झाली होती का? झाली होती. ती ४८ तासांच्या पुढे लांबलेली असेल, किंवा पहिल्या महिन्यापासूनच मलावरोध असेल, तर आतड्यात चेतापेशींचा जन्मजात अभाव असण्याची शंका घ्यावी लागते. पाठीचा कणा सरळ, कमरेवर खळगा वा केसांचा पुंजका नाही. पायांत जोर चांगला. वजन-उंची वयाला साजेशी, वजन १३ किलो. पोट फुगलेलं नाही, हिरव्या उलट्या नाहीत. लघवीची तपासणी निर्दोष. रक्तातली साखरही लगेच पाहिली, कारण कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं आणि वाळू लागलं तर तो मधुमेह असू शकतो आणि तिथे एक दिवसही घालवता येत नाही. साखर व्यवस्थित होती. एक्स-रे काढला नाही, लागतही नव्हता.

मुलीशी थोडा वेळ खेळत बोलले आणि आईशी एकटीशी बोलले. सवय अचानक मोडते तेव्हा कुणी मुलाच्या अंगाशी वाईट वागलं आहे का, हेही शांतपणे पाहावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. कुठे शंका आलीच तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक देशभर चालतो, तो प्रत्येक आईला माहीत असावा.

मग भावाचं काय?

भाऊ या गोष्टीत होताच. त्याच्यामुळे घर बदललं, आजी दुरावली, तिच्या पायांवर बसणं सुटलं. धाकटं आल्यावर मोठ्याचं पाऊल काही आठवडे मागे पडतं, हे खरं आहे. पण ते निराळं दिसतं. असं मूल बाळासारखी बाटली मागतं, बाळासारखं बोलतं, कधी आईसमोर शू करून पाहतं, आणि जवळ घेतलं, वेळ दिला की सावरतं. त्याला पाच-सहा दिवस शी रोखावी लागत नाही, त्याच्या पोटात गोळा लागत नाही, आणि केलेली शी त्याला कळते. मत्सराचं निदान सोपं आहे म्हणून आपण आधी तिकडे धावतो. त्याचा तोटा असा की सगळा दोष मुलावर येतो आणि औषध कुणी देत नाही.

घरच्यांना मी जे समजावलं ते असं. शी जितकी आत थांबते तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. शी वाळते, मोठी होते, पुढच्या वेळी अधिक दुखवते, म्हणून मूल अधिक रोखतं. महिनाभर हे चाललं की गुदाशय ताणून सैल होतो आणि 'आता शी आली' ही जाणीवच बोथट होते. वरून येणारी पातळ शी गोळ्याच्या कडेनं खाली उतरते आणि चड्डीत येते. आजींना हे कसं सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात मोरी आठवली. मोरीच्या तोंडात बोळा बसला तर पाणी तरी कडेनं झिरपतंच ना? मोरीला मारून काही होईल का? आजी बराच वेळ नातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हिला कळतच नव्हतं?"

शू गळण्याचं कारणही हेच. मूत्राशय गुदाशयाच्या पुढ्यातच असतो. मागून गोळ्याचा दाब येतो, मूत्राशयाला पुरतं भरता येत नाही. शिवाय शी रोखणारं मूल तळाचे सगळेच स्नायू आवळून ठेवतं, त्यामुळे शूही पूर्ण रिकामी होत नाही. अशा मुलींना लघवीचा जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यात बालवाडीत चार-चार तास शू दाबून धरायची.

उपचार

पहिली गोष्ट मी सांगितली ती सवय लावणं थांबवण्याची. पूर्ण थांबवा. डायपर घाला, 'आली का, आली का' विचारू नका, चड्डी खराब झाली तर तोंडातून अक्षर न काढता बदला. वडिलांना हे सर्वांत अवघड गेलं. त्यांना वाटलं, मॅडम पोरीला लाडावून ठेवायला सांगतायत. पण ज्या मुलीला शी आल्याचं कळतच नाही तिला संडासात बसवून काय शिकवणार? आधी जाणीव परत यायला हवी, त्यासाठी गोळा निघायला हवा.

गोळा काढायला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. भरलेलं पोट मोकळं करताना तिचा डोस किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम असा तीन ते सहा दिवस असतो. पुढे तो साधारण ०.४ ग्रॅमवर आणून मुलागणिक कमी-जास्त करतात. हे आकडे समजण्यासाठी दिले आहेत. डोस तपासून ठरवायचा असतो, या लिखाणावरून कुणी सुरू करू नये. एनिमा दिला नाही. तोंडावाटे काम होत असताना आधीच दुखावलेल्या जागी पुन्हा काही घालणं मला मान्य नाही. साबणाच्या वडीबद्दल तर हात जोडून सांगते, ती कायमची बंद करा. तिनं आतलं नाजूक अस्तर चुरचुरतं आणि मूल आणखी आवळून घेतं.

पहिले काही दिवस डाग वाढतील हे आधीच सांगून ठेवलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आलाच, "मॅडम, हे तर उलटंच झालं." त्या रात्रीनंतर शी इतकी आली की आजींच्या म्हणण्याप्रमाणे "एवढुशा पोटात मावली कुठं" असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं जेवायला मागितलं. पोट तुंबलेल्या मुलांची भूक मेलेली असते, ती अशी परत येते.

शी मऊ आणि रोजची व्हायला लागल्यावर, काही आठवड्यांनी, बसण्याचं पाहिलं. आजींचे गुडघे आता पाय पसरून बसू देत नव्हते. संडासातली भीती तशीच होती. म्हणून नव्या पेठेतून प्लास्टिकचं बुटकं भांडं आणलं, असं की बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर येतील. पाय लोंबकळले की जोर लावता येत नाही. उंच कमोडवर बसवणाऱ्यांनी म्हणूनच पायाखाली पाट द्यावा. वेळ ठरवली सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतरची, पाच मिनिटं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, तिचा फायदा घ्यायचा. शी झाली नाही तरी उठायचं, शाबासकी मिळते ती बसण्याची. भांडं ठेवलं तिच्या ओळखीच्या जागी, मोरीच्या कडेला, आणि आजी शेजारी पाटावर बसू लागल्या.

खाण्यात पहिला बदल दुधाचा. दिवसभरात चार मोठे पेले जात होते, ते दोनवर आणले. दुधानं पोट भरलं की भाकरीला जागा उरत नाही. मुलाचं वय अधिक पाच, एवढे ग्रॅम तंतू रोज लागतात, म्हणजे हिला नऊच्या आसपास. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू असतात. अर्धी भाकरी वरणात कुस्करून दिली तरी अडीच-तीन ग्रॅम होतात. मंगळवेढ्याची ज्वारी दाराशी पिकत असताना पोर बिस्किटांवर वाढावी याचं मला वाईट वाटतं. पेरू, पपई, शेंगाची चटणी तूप घालून, पालेभाजी. पाणी मागायची वाट न पाहता ठरावीक वेळी तिच्या छोट्या तांब्यातून. मात्र नुसत्या भाकरी-पेरूनं गोळा निघत नाही. आधी औषध, मग आहार, हा क्रम चुकला तर पोट आणखी फुगतं.

बालवाडीला चिठ्ठी दिली : मागेल तेव्हा जाऊ द्यावं, एक जादा चड्डी दप्तरात राहील, इतर मुलांसमोर काही बोलू नये. बाईंशी फोनवर बोलले. त्या तरुण आहेत, ऐकणाऱ्या निघाल्या. त्यांच्या मते एकट्या बाईनं वीस-बावीस मुलं सोडून एकीला घेऊन जायचं कसं, आणि तेही खोटं नाही. शेवटी मदतनीस ताईंनी ते अंगावर घेतलं.

दिवाळीत पुन्हा

ऑक्टोबरपर्यंत डाग थांबले, दिवसाची शूही थांबली. दिवाळीला मंडळी माहेरी गेली आणि पावडर घरीच राहिली. राहिली म्हणजे ठेवली. 'रोज औषध दिलं की पोटाला त्याचीच सवय लागते' असं कुणीतरी सांगितलं होतं. तिथे चिवडा, शंकरपाळी, तोच अंधारा संडास. आठ-दहा दिवसांत शी कडक झाली, छकुली परत दाराआड.

या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. मोठं सैल झालेलं गुदाशय आकसून मूळ आकाराला यायला महिने लागतात, तोवर ते औषधाच्या आधारानं रिकामं ठेवायचं असतं. किमान दोन महिने औषध, लक्षणं पूर्ण गेल्यावर निदान महिनाभर तोच डोस, मग हळूहळू कमी. आणि सवय लावण्याच्या वयात ती पक्की झाल्याशिवाय बंद नाही. औषध मध्येच सोडल्यानं परत उलटलेली मुलं मी इतकी पाहते की आता पहिल्या भेटीतच महिन्यांची भाषा करते. या वेळी पुन्हा दोन-तीन दिवस वाढीव डोस, मग आधीचाच. यावेळी ती लवकर सावरली, कारण घरात कुणी रागावलं नाही. वडिलांनी सांगितलं, "डाग दिसला की मी आता पावडर दिली का ते विचारतो."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, म्हणजे ती चार वर्षांची होता होता, गाडी रुळावर आली. एप्रिलमध्ये पावडर निम्म्यावर आणली. ऊन सरेपर्यंत त्याच्या खाली न्यायची नाही असं ठरवलं आहे, कारण मागचा सगळा प्रकार सोलापूरच्या उन्हाळ्यातच सुरू झाला होता.

रात्री ती अजून आठवड्यातून तीन-चारदा अंथरूण ओलं करते. आजींना त्याची काळजी आहे. पाच वर्षांच्या आधी रात्रीच्या ओल्याला आजार म्हणत नाहीत, आणि पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत सुमारे पंधरा मुलं तेव्हाही रात्री ओली असतात. गादीवर मेणकापड, झोपण्याआधी एकदा शू, एवढंच करायचं. जूनमध्ये तिला मोठ्या शाळेत घालायचं आहे. प्रवेश घेण्याआधी आई दोन शाळांचे संडास आतून बघून आली, आणि एका शाळेनं दार उघडून दाखवायला नकार दिला म्हणून तिनं दुसरी निवडली.